मुआचीचा खोकला

मेइ-चू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माहेरी यायची. माहेर हा शब्द आपला सवयीने म्हणायचा. लग्न तिने केलंच नव्हतं, त्यामुळे सासर नावाची भानगड नव्हती. ताइनान शहरात तिचा जनावरांचा दवाखाना होता. सकाळच्या बसने यायची. येताना बापासाठी शेंगदाण्याची चिक्की, आईसाठी गुडघ्याला लावायच्या पट्ट्या आणि मांजरीसाठी औषधाची एक बारकी नळी.

मी त्यांच्या शेजारी राहते. खाली माझं माशाच्या पेजेचं दुकान, वर घर. मधली भिंत एवढी पातळ की वेंगांच्याकडे तांदूळ धुतले तरी मला कळतं. वेंग म्हणजे आमच्या गल्लीतलं जुनं घर. म्हाताऱ्याची गावाबाहेर माशांची तळी, म्हातारी घरात, धाकटा मुलगा युंग-फा तळी बघायचा आणि त्याची बायको लि-चुन सगळ्यांना बघायची. म्हातारीला सगळी गल्ली आ-मा म्हणते. घरात मेइ-चूची आ-चू होते आणि युंग-फाचा आ-फा.

मांजर आ-मांची. पांढरी, गुबगुबीत, उचलली की पिठाच्या गोळ्यासारखी हातातून ओघळायची. म्हणून तिचं नाव मुआची, तांदळाच्या चिकट लाडवावरून. आ-मा जेवायला बसल्या की पहिला मासा तिचा. काटे काढून, बोटाने कुस्करून. लि-चुन म्हणायची, "माझ्या मुलांना एवढे काटे काढून दिले असते तर तीसुद्धा अशीच गुबगुबीत झाली असती."

मेइ-चू आली की आधी मांजरीला मांडीवर घ्यायची. मानेच्या मागचे केस फुंकर मारून बाजूला करायची आणि नळी तिथे पिळायची, जिथे जीभ पोचत नाही. मांजर अंग चोरायची, मग विसरून जायची.

"ताई, माणसांना डेंग्यू होतो तेव्हा मानेवर थेंब टाकायला कुणी येत नाही," लि-चुन एकदा म्हणाली. "आणि या महाराणीला दर महिन्याला."

"हे डासांचंच आहे," मेइ-चू म्हणाली. "डास रोगी कुत्र्याला चावतो, मग हिला चावतो. सोंडेतून जंतांची पिल्लं आत जातात. कुत्र्यात ती हृदयात वाढतात, शेवयांसारखी लांब. मांजरीत बरीचशी मरतात, पण मरतानासुद्धा फुफ्फुसाची वाट लावतात. हे औषध पिल्लांना मोठं होऊ देत नाही."

"पण ही तर उंबरा ओलांडत नाही."

"डास ओलांडतो ना."

म्हातारा हसला. आमचं गाव दोन्ही अंगांनी तळ्यांनी वेढलेलं. मासे पोटाला, डास पाठीला. जानेवारीतसुद्धा दिवे लागले की कानाशी गुणगुण सुरू होते.

"बरं, आणि झालाच रोग तर तू आहेस की," आ-मा म्हणाल्या. "डॉक्टर कशाला केलं तुला?"

"कुत्र्याला जंत मारायचं औषध देता येतं, आई. मांजरीला नाही. आत जंत एकदम मेले तर मांजरही मरते. मांजरीच्या बाबतीत ही नळी हाच काय तो इलाज. तो आधी करायचा असतो, नंतरचा कुठलाच नाही."

हे ती इतक्यांदा सांगायची की मलाही पाठ झालं होतं. माझ्या दुकानातल्या बोक्यालाही ती जाता जाता एक नळी लावून जायची. तो ओरबाडायचा. ती म्हणायची, "लिएन काकू, तुमचा बोका तुमच्यावरच गेलाय."

मग म्हातारा गेला. ड्रॅगनच्या होड्यांच्या शर्यतीचा सण होऊन गेला होता, उकाडा नुसता कातडीला चिकटत होता. तळ्यावर माशांना खाद्य टाकताना बसला तो उठलाच नाही. दर सातव्या दिवसाचे विधी पार पडले. मेइ-चू दवाखाना बंद ठेवून प्रत्येक विधीला आली. शेवटच्या विधीच्या दिवशी मी पेजेचं पातेलं घेऊन गेले, कारण त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायला कुणाच्या अंगात त्राण नसणार हे मला माहीत होतं. पातेलं ठेवून वळणार तेवढ्यात आ-मा म्हणाल्या, "आ-चू, शिक्का आणलास?"

"कसला?"

"तुझ्या नावाचा. घर आणि तळी आ-फाच्या नावावर करायची. तुझी सही लागते, शिक्का लागतो. लेकीने हक्क सोडायचा असतो. माझ्या बहिणींनी सोडला, मी सोडला."

मेइ-चूने भावाकडे पाहिलं. युंग-फा चहाच्या कपात बघत होता. त्याच्यात वाईट असं काही नाही. फक्त कुठलीही अवघड गोष्ट समोर आली की त्याला कपात काहीतरी दिसायला लागतं.

"मला तळी नकोत, आई," मेइ-चू म्हणाली. "मला तो वासही सहन होत नाही. पण आधी विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं."

"विचारायचं काय त्यात? मुलगी म्हणजे बाहेर जाणारी."

"मी पन्नाशीला आले. अजून किती बाहेर जाऊ?"

"ताई, तुझं काय, तुझा दवाखाना आहे," युंग-फा म्हणाला. कपाला म्हणाला.

मेइ-चू पूर्वजांच्या नावांच्या पाट्या ठेवलेल्या देव्हाऱ्याकडे वळली. तिकडे बोट करून म्हणाली, "बाबांची पाटी लागली. उद्या तुझी लागेल. मग आ-फाची, लि-चुनची. मी मेले की माझी लागेल का इथे?"

असं कुणी विचारत नाही. विचारायचं नसतं. लि-चुनने मान खाली घातली.

"बिनलग्नाच्या लेकीची पाटी घरात ठेवत नाहीत," आ-मा म्हणाल्या. "तुला माहीत आहे. देवळात सोय असते त्यांची. चांगली सोय असते." पुढची बस किती वाजता आहे ते सांगावं तशा स्वरात त्या बोलल्या.

मेइ-चूने पर्स उघडली. शिक्का तिच्याकडे होता. तिने तो आणलेलाच होता, म्हणजे काय होणार हे तिला घरातून निघतानाच कळलं होतं. फक्त कुणीतरी 'राहू दे' म्हणेल असं तिला वाटलं असावं. जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे तिने शिक्का उमटवला. मग पर्समधून औषधाच्या नळ्यांचा डबा काढून भावासमोर ठेवला.

"महिन्याला एक. हिवाळ्यातसुद्धा. संपल्या की कुठल्याही दवाखान्यात मिळतात. घर तुझं, तळी तुझी, आता मांजरही तुझी."

ती पेज न खाता गेली. त्यानंतर पहिला रविवार आला, गेला. पुढच्या महिन्याचाही. चंद्रोत्सवाला तिने कुरिअरने पपनसांची पेटी पाठवली. स्वतः आली नाही.

नळ्यांचं काय झालं ते मला पुष्कळ नंतर लि-चुनकडून कळलं. युंग-फाने पहिल्या महिन्याला डबा उघडला तेव्हा आ-मा त्याच्या हातावर फटका मारून म्हणाल्या, "ठेव ते. भिकाऱ्यापुढे टाकावं तसं टाकून गेली. तिचं उपकाराचं औषध माझ्या मांजरीला नको." युंग-फाने डबा मिटला. त्याला बरंच वाटलं असेल. मांजर धरणं हे काही त्याचं आवडतं काम नव्हतं. कुत्र्यांचा रोग तो, मांजर घरातली, एवढं काय, असं तो बायकोला म्हणाला. डबा औषधांच्या खणात गेला, तिथून कधीतरी कचऱ्याच्या गाडीत. दुसऱ्या दवाखान्यातून नळ्या आणता आल्या असत्या. पण आणल्या असत्या तर मेइ-चूचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि ते त्या घरात त्या वर्षी कुणाला परवडणार नव्हतं.

थंडी पडायला लागली तेव्हा मुआची खोकायला लागली.

मांजरीचा खोकला पटकन ओळखू येत नाही. ती जमिनीला पोट टेकवून बसायची, मान पुढे ताणायची आणि घशातून खाकरल्यासारखा आवाज काढायची. बाहेर काहीच पडायचं नाही. गल्लीत सगळे म्हणाले, केस गिळलेत, केसांचा गोळा असेल. आ-मांनी खाद्यतेल चाटवलं, कुंडीत गवत लावलं. मांजर गवत खाऊन फेसाची उलटी करायची. जेवणाशी त्या उलटीचा काही संबंध नसायचा. कधी उपाशीपोटी, कधी झोपेतून उठून.

एका सकाळी ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, कुत्र्यासारखी. जीभ निळसर. आ-मांनी भिंतीवर मूठ आपटून मला हाक मारली. युंग-फाने गाडी काढली, मी टोपली मांडीवर घेतली. गावच्या बाजारातल्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, पण कामाला पक्का वाटला. आधी प्राणवायू लावला, मग छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं. मांजर जरा शांत झाल्यावर त्याने विचारलं, "हिला दर महिन्याला डासांच्या जंतांवरचं औषध लावता ना?"

"लावतो की," युंग-फा म्हणाला.

"चुकत नाही ना कधी?"

"चुकेल कसं? माझी सख्खी बहीण जनावरांची डॉक्टर आहे. ताइनानला मोठा दवाखाना आहे तिचा."

मला ते खरंच वाटलं. मी स्वतः इतकी वर्षं पाहत आले होते. आ-मा माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या टोपलीच्या जाळीतून मांजरीचा पंजा चोळत राहिल्या.

"मग त्यांच्याकडे का नेत नाही?" डॉक्टरने सहज विचारलं.

"लांब पडतं," युंग-फा म्हणाला.

रक्तात जंतांची खूण निघाली नाही. डॉक्टर म्हणाला, दमा दिसतो, मांजरींना होतो. त्याने सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या. मांजरीला दोन दिवसांत उतार पडला. आ-मांनी डॉक्टरकडे तळ्यातले ताजे मासे पाठवले आणि गल्लीभर सांगितलं की आपल्या गावात असा डॉक्टर असताना शहरात जायची गरजच काय.

नवीन वर्षाला मेइ-चू आली. रीत म्हणून आली, जेवली, पुतण्यांना पैशांची लाल पाकिटं दिली. मांजर तिच्या पायाशी आली तेव्हा तिने नुसता हात फिरवला, उचललं नाही. "बारीक झाली का ही?" तिने विचारलं.

"वय झालं," आ-मा म्हणाल्या.

"औषध लावता ना?"

"तुला काय वाटतं, तू नसलीस तर या घरात सूर्य उगवत नाही?"

मेइ-चूने हात काढून घेतला. पुढे काही विचारलं नाही. मी सुक्या सॉसेजची ताटली द्यायला गेले होते, म्हणून हे ऐकलं. खोकल्याचं मी बोलणार होते, पण आ-मांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ताटली ठेवून घरी आले.

पूर्वजांच्या कबरी साफ करायचे दिवस आले तोवर मुआचीने मासा सोडला. काटे काढलेला, कुस्करलेला मासा तसाच पडून राहायचा. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. गोळ्या संपल्या की खोकला, गोळ्या दिल्या की नुसतं लोळणं. आ-मा तिला बाळासारखं कपड्यात गुंडाळून दारात बसायच्या आणि चमच्याने पाणी पाजायच्या. त्यांचा स्वतःचा घासही कमी झाला होता. भिंतीपलीकडून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. नवरा गेल्यापासून त्या घरात त्या बोलायच्या ते त्या मांजरीशीच. आज मुलगा काय टाकून बोलला, सुनेने मीठ किती घातलं, तळ्यातला पाण्याचा पंप कसा बिघडला, सगळं तिला सांगायच्या.

फोन केला तो लि-चुनने. मला वाटलं होतं तीच सगळ्यात शेवटची असेल, पण तिनेच केला, माझ्या दुकानाच्या मागे उभं राहून, घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"ताई, मांजर जाणार बहुतेक. आईसुद्धा तिच्या मागोमाग जातील असं वाटतंय. तुम्ही रागवा, मला शिव्या द्या, पण या."

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. लि-चुनने एकदा घराकडे वळून पाहिलं आणि मग म्हणाली, "नाही. एकदाही नाही. तुम्ही गेलात तेव्हापासून."

मेइ-चू त्याच दुपारी स्वतःची गाडी चालवत आली. कुणाशी न बोलता तिने मांजरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, हिरड्या पाहिल्या, आणि मांजर, आई आणि मला गाडीत घालून ताइनानला नेलं. मला का, तर आ-मा म्हणाल्या, लिएन आली तर येते. युंग-फा मागून त्याच्या गाडीने आला.

तिच्या दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र होतं. तिने मांजरीच्या छातीवरचे केस काढले, गार मलम लावलं. पडद्यावर सगळं करडं करडं हलत होतं. मग तिने एका जागी हात थांबवला. तिथे एकमेकींना खेटून दोन पांढऱ्या रेघा होत्या, समांतर, आणि त्या हृदयाच्या ठोक्याबरोबर डुलत होत्या.

"हा जंत," ती म्हणाली. "आणि तिकडे पलीकडे बहुतेक दुसरा."

"त्या डॉक्टरने तर रक्त तपासलं होतं," युंग-फा म्हणाला. "काही नाही म्हणाला."

"मांजरीत एखाददुसराच जंत असतो. रक्तात खूण निघतेच असं नाही. म्हणून डॉक्टर माणसाला विचारतो. त्याने विचारलं होतं का?"

युंग-फा भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला.

"आ-फा, त्याने विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," मी म्हणाले. मला राहवलं नाही. "लावतो म्हणून सांगितलं यानं."

मेइ-चूने पडद्यावरची नजर काढली नाही. "मग त्याचं काय चुकलं," ती म्हणाली. "त्याने बरोबर तेच विचारलं होतं."

"मला काय सांगायला हवं होतं?" युंग-फा एकदम बोलला. "की घरात जनावरांची डॉक्टर आहे आणि आम्ही मांजरीला औषध लावत नाही? चारचौघांत? तो हसला असता."

"हो," मेइ-चू म्हणाली. "हसला असता. आणि मग त्याने हे शोधलं असतं."

आ-मा इतका वेळ टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढ ते."

"काढता येत नाही, आई. ही एवढी अशक्त आहे, टेबलावरच जाईल."

"मग मार त्यांना. औषध दे."

"जंत मेला की त्याचे तुकडे फुफ्फुसाच्या नळीत जाऊन अडकतात. त्यानेच ती जाईल. आता फक्त सूज कमी ठेवायची, तिला शांत ठेवायचं, आणि जंत म्हातारे होऊन एकेक करून मरेपर्यंत ती तग धरते का ते बघायचं. काही मांजरी धरतात."

"तू डॉक्टर आहेस ना?"

"म्हणून तर दर महिन्याला येत होते."

आ-मांनी मांजर कपड्यात गुंडाळली आणि त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. परतताना गाडीत त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

पण एक झालं. मेइ-चू परत यायला लागली, आता दर रविवारी. मांजरीला तपासायची, गोळ्यांचं प्रमाण बदलायची, नळीने पातळ खाणं भरवायची. पुढे डास चावून भर पडू नये म्हणून मानेवरचं औषधही पुन्हा सुरू केलं. आ-मा तिच्यासाठी चहा ठेवायला लागल्या. बोलणं मांजरीपुरतंच व्हायचं, किती खाल्लं, किती वेळा खोकली, पण बोलणं व्हायचं. एकदा भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं. मांजरीने खाणं भरवायची नळी चावून टाकली होती म्हणे. मला वाटलं, जंतांनी का होईना, घर जोडलं. मी तसं लि-चुनला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "काकू, तोंडाने बोलू नका असलं. दृष्ट लागते."

दृष्ट लागायला काही उरलं नव्हतं. आंबे पिकायच्या दिवसांत एका रविवारी मी दुपारची गर्दी आटोपून त्यांच्याकडे बसले होते. मुआची सकाळपासून जरा जोरात श्वास घेत होती. मेइ-चूने सूज उतरवायचं इंजेक्शन दिलं, तसं ती आधीही द्यायची. मांजर आईच्या मांडीवर ठेवली आणि हात धुवायला आत गेली. नळाचं पाणी सुरू झालं तेवढ्यात मांजरीने एक आवाज काढला. तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. ती मांडीवरून उसळली, मागचे पाय लुळे पडले, तोंड उघडं, डोळे मोठे. मेइ-चू ओल्या हातांनी धावत आली. तिने छाती दाबली, नाकातून फुंकलं, पिशवीतलं काय काय काढलं. चहा निवायच्या आत सगळं संपलं होतं.

"जंत मेला असेल," ती जमिनीवर बसून म्हणाली. धाप तिलाच लागली होती. "आत अडकला. आई, हे असंच होतं. हे होणार हे मला..."

"तू टोचलंस," आ-मा म्हणाल्या.

"आई."

"ती जिवंत होती. तू टोचलंस आणि ती गेली. मी इथे बसले होते. माझ्या मांडीवर गेली."

"त्या इंजेक्शनने नाही गेली. आई, आपल्याला दोघींनाही माहीत आहे ती कशाने गेली."

मेइ-चूने मान वर करून भावाकडे पाहिलं. युंग-फा दारात उभा होता. तिने त्याला काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं. तो म्हणाला, "ताई, आत्ता नको. आईचा रक्तदाब वाढेल."

मेइ-चू उठली. आपली पिशवी भरली. मांजरीच्या अंगावर तिने स्वतःचा रुमाल घातला होता. आ-मांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि आपला खांद्यावरचा टॉवेल घातला. मेइ-चू तो रुमाल न घेताच गेली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत गोष्ट फिरायला लागली. भाजीवालीकडे, देवळाच्या ओट्यावर, माझ्या दुकानातल्या बाकांवर. आ-मा रडत सांगायच्या आणि लोक ऐकायचे: लेकीने जमिनीचा राग मांजरीवर काढला. सुई टोचली, मारली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पळी ठेवून सरळ तळ्यावर गेले. युंग-फा जाळं दुरुस्त करत बसला होता.

"तुझी आई काय सांगत फिरतेय ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि तू?"

"काकू, तिला काय सांगू? औषध लावू नको म्हणून माझ्या हातावर मारलंस ते तूच, असं? या वयात? नवरा गेला, मांजर गेली. ती सहन करेल हे?"

"आणि तुझ्या बहिणीने सहन करायचं?"

त्याने जाळ्याची गाठ दाताने ओढली. "ताई कणखर आहे," तो म्हणाला. "तिला चालतं."

मी परत आले. भांडले असते तर काय झालं असतं माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावर कसलंही पाप दिसत नव्हतं. आपण आईची काळजी घेतोय असंच त्याला मनापासून वाटत होतं.

मेइ-चूने त्याच उन्हाळ्यात मात्सू देवीच्या देवळाच्या अंगणात टेबल लावलं. देवळाच्या मंडळाला तिने आधीच विचारून ठेवलं होतं. गावातल्या मांजरींना, कुत्र्यांना डासांच्या जंतांचं औषध लावून द्यायचं आणि घरच्यांना समजावून सांगायचं, असा बेत. खोकला झाला तर केस म्हणून सोडू नका, बारीक झाली, उगाच ओकायला लागली, श्वास जोरात चालला तर दाखवा, डॉक्टरने विचारलं तर खरं सांगा, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक तिने टांगला होता. पलीकडच्या वस्तीतले काही लोक कुत्री घेऊन आले. आमच्या गल्लीतून मी माझा बोका नेला. बाकी कुणी आलं नाही. येता-जाता बघायचे, आणि मुलांना हाताला धरून पुढे न्यायचे.

बोक्याने तिला ओरबाडलं. तिने थेंब नीट लावले, मग बोट तोंडात धरलं.

"सांगून का टाकत नाहीस तू?" मी विचारलं. "मी साक्षीला उभी राहते. लि-चुनही राहील."

"काय सांगू, काकू? आईने हट्टापायी आपली मांजर मारली, असं या अंगणात उभं राहून सांगू?"

"मग ती तुझ्या नावाने खडे फोडतेच आहे."

"फोडू दे." तिने रिकाम्या नळ्या पिशवीत टाकल्या. "शिक्का मारल्यानंतर कित्येक महिने तिने माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. आता रोज घेते."

हे ती हसत म्हणाली नाही आणि रडतही नाही. टेबलाचे पाय मिटले, गाडीत टाकले आणि गेली. त्यानंतर ती गावात आलेली नाही. नवीन वर्षालाही नाही. आ-मा म्हणतात, कुठल्या तोंडाने येईल.

लि-चुन आता दर महिन्याला बसने ताइनानला जाते. शिवणाचं सामान आणायला जाते असं घरी सांगते. खरं म्हणजे नणंदेकडे जेवून येते.

परवा केस कापायच्या दुकानातली मांजर माझ्या दारात बसून मान ताणून खाकरत होती. मी मालकिणीला म्हटलं, हिला वेळेत मेइ-चूला दाखव, मी फोन करते. ती मांजर उचलून छातीशी धरत म्हणाली, "तिला नको गं बाई. तिच्या हाताला यश नाही."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणजे? तिची आईच."